चलतीचं नाव की पणजीचं नाव?

बाळाचं नाव ठरवताना हमखास दोन बाजू पडतात: सध्या जिकडेतिकडे ऐकू येणारं नाव, नाहीतर दोन-तीन पिढ्यांमागचं, विसरलं गेलेलं.

चलतीचं नाव सोयीचं. उच्चार कुणाचा चुकत नाही, स्पेलिंग सांगावं लागत नाही. पण त्यावर काळाचा शिक्का बसतो. अमेरिकेत १९७० ते १९८४ अशी सलग १५ वर्षं मुलींच्या नावांत ‘जेनिफर’ पहिलं होतं; आज ते नाव ऐकलं की वयाचा अंदाज येतो. शिवाय वर्गात एक हाक मारली की तिघी वळून बघणार. मग नावाला आडनावाचं अक्षर चिकटतं आणि ते शाळा सुटेपर्यंत सुटत नाही. मला हे फार खटकतं.

जुन्या नावाचं वेगळं. ‘एमा’ तिथेच १८८० मध्ये तिसरं होतं, नंतर खूप मागे पडलं आणि २००८ मध्ये थेट पहिलं आलं. आईच्या पिढीची नावं शिळी वाटतात, पणजीची मात्र कोरी. धोका एकच: आपल्याला सुचलेलं त्याच सुमारास हजारोंना सुचलेलं असतं.

तरी मी जुनंच घेईन. आधी दारात उभं राहून दहादा मोठ्याने हाक मारून बघेन, इतकंच.