रत्नागिरीतील एक संपादन-मांडणी सेवा : आंब्याच्या पेटीतील पत्रकापासून संकेतस्थळापर्यंत

रत्नागिरी शहरात दोघांनी मिळून चालवलेले एक छोटे कार्यालय आहे. संस्थांचा आणि व्यावसायिकांचा मजकूर तपासणे, गरजेप्रमाणे तो नव्याने लिहून देणे आणि छपाईसाठी किंवा संकेतस्थळासाठी त्याची मांडणी करणे, एवढेच काम तेथे होते. आमच्या आंबा बागायतदारांच्या गटाने गेल्या हंगामाआधी त्यांच्याकडून पेटीत घालायचे माहितीपत्रक, मागणीचा अर्ज, तक्रारींचे नियम आणि एक पानाचे संकेतस्थळ करून घेतले. त्यांचे काम उत्तम आहे, व्यवहाराची पद्धत मात्र सुधारायला हवी, असे माझे मत झाले आहे. पुढे काही तक्रारी मांडायच्या असल्यामुळे कार्यालयाचे नाव येथे दिलेले नाही.

मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला थेट पेटी पाठवणारे बागायतदार आता कोकणात गावोगाव आहेत. मोहोर येण्यापासून फळ उतरवण्यापर्यंत बागेत जी काळजी घेतली जाते, तिचा अंशही पेटीबरोबर जाणाऱ्या कागदाच्या वाट्याला येत नाही. गेल्या वर्षीच्या पत्रकावरची तारीख आणि दर बदलायचे आणि ते छापखान्यात द्यायचे, हीच सर्वसाधारण रीत आहे. ग्राहकाशी होणारे वाद वरवर फळावरून झालेले दिसतात, पण त्यांतले बरेचसे त्या कागदात जे स्पष्ट लिहिलेले नसते त्यावरून होतात. या कार्यालयाचे मोल मला पटले ते याच ठिकाणी.

तक्रारींचा नियमच पाहा. जुन्या पत्रकात असे वाक्य होते : ‘फळ खराब निघाल्यास त्याची जबाबदारी गटावर राहणार नाही, तथापि तक्रार प्राप्त झाल्यास योग्य तो विचार करण्यात येईल.’ एखाद्या संपादकाने हे वाक्य शुद्ध आणि सुटसुटीत करून परत पाठवले असते. येथे मात्र वाक्याला हात लावण्याआधी प्रश्नांची यादी आली. खराब म्हणजे दबलेले, फुटलेले, की आतून साका निघालेले? तक्रार किती दिवसांत करायची? पुरावा कोणता मागणार? पैसे परत देणार की दुसरी पेटी पाठवणार? साका हा हापूसमधला असा दोष आहे की तो फळ कापेपर्यंत कळत नाही. बाहेरून फळ निर्दोष दिसते आणि गरात पांढुरका, आंबट भाग निघतो. अशा फळाची भरपाई द्यायची की नाही, याबद्दल गटातच एकमत नव्हते आणि म्हणूनच ‘योग्य तो विचार’ हे शब्द इतकी वर्षे तेथे टिकून राहिले होते. प्रश्न आल्यावर बैठक घ्यावी लागली, निर्णय घ्यावा लागला आणि त्यानंतरच वाक्य लिहिता आले. आता पत्रकात असे आहे : ‘पेटी मिळाल्याबरोबर उघडून पाहा. फळे दबलेली किंवा फुटलेली असतील तर त्याच दिवशी पेटीचा आणि फळांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. तेवढ्या फळांचे पैसे आम्ही परत करू. साका फळ कापल्यावरच दिसतो, म्हणून कापलेल्या फळाचा फोटो पेटी मिळाल्यापासून दहा दिवसांपर्यंत चालेल.’ मजकूर जुन्यापेक्षा लांब झाला, पण तो वाचून काय करायचे हे ग्राहकाला कळते, आणि फोन घेणाऱ्या आमच्या माणसालाही कळते.

दाव्यांच्या बाबतीतही त्यांनी अशीच काटेकोर भूमिका घेतली. मजकुरात ‘शंभर टक्के सेंद्रिय’ असे होते. त्याला आधार कोणता, प्रमाणपत्र कोणाच्या नावे आहे, फवारणीची नोंद कोण ठेवते, असे त्यांनी विचारले आणि समाधानकारक उत्तर सगळ्या बागांसाठी देता येईना, तेव्हा ते शब्द काढून टाकण्याचा आग्रह धरला. ‘कार्बाइडमुक्त’ या शब्दावर त्यांचे म्हणणे मला विशेष पटले : कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यास कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे ते न वापरणे हा गुण म्हणून मिरवण्यापेक्षा तुमचे फळ प्रत्यक्षात कसे पिकते ते लिहा. म्हणून आता तेथे अढीची, म्हणजे पेंढ्यात ठेवून फळ पिकवण्याच्या पद्धतीची माहिती आहे. भौगोलिक मानांकनाबाबतही तसेच झाले. हापूसला ते २०१८ साली मिळाले आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर हे जिल्हे येतात. तरीही या जिल्ह्यांत बाग आहे एवढ्याने मानांकनाचे चिन्ह वापरण्याचा हक्क मिळत नाही, १९९९ च्या कायद्याप्रमाणे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. गटातल्या ज्यांची नोंदणी झाली आहे त्यांच्याच पेट्यांवर ते चिन्ह ठेवण्याची व्यवस्था त्यांनी करून दिली. मजकूर तपासणाऱ्याकडून इतकी अपेक्षा कोणी करत नाही, पण माझ्या मते ती करायला हवी.

पत्रकाच्या रूपाविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. तीन घड्यांच्या कागदाऐवजी त्यांनी एक जाड कार्ड सुचवले, कारण पेंढ्यात ठेवलेला पातळ कागद दमट होऊन चुरगळतो. कार्डाच्या एका बाजूला फळ कसे ठेवायचे एवढेच आहे : एका थरात, उन्हापासून दूर, पिकेपर्यंत फ्रिजबाहेर. दुसऱ्या बाजूला तक्रारीचा नियम आणि दूरध्वनी क्रमांक आहे. बागेचा इतिहास, आजोबांनी लावलेली कलमे, समुद्राचे चित्र हे सगळे काढले, याचे काही सभासदांना वाईट वाटले; तो मजकूर पुढे संकेतस्थळावर खालच्या भागात गेला आणि तेथे तो शोभतोही. एकाच वस्तूला कोठे पेटी, कोठे बॉक्स, कोठे पार्सल म्हटले होते, ते सर्वत्र पेटी केले. शुद्धलेखन साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे, म्हणजे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार नियम धरून, सगळीकडे एकसारखे ठेवले.

मागणीचा अर्ज तयार झाल्यावर त्यांनी तो आंबा व्यवसायाशी काहीही संबंध नसलेल्या काही जणांच्या हाती दिला. त्यांना मत विचारले नाही, काम दिले : ‘बुधवारी पैसे भरले तर ठाण्याला पेटी कोणत्या दिवशी मिळेल, ते या कागदावरून सांगा.’ मी शेजारी बसून पाहत होतो. एका निवृत्त शिक्षिकेने अर्ज दोनदा वरपासून खालपर्यंत वाचला आणि उत्तर चुकीचे दिले, कारण गाडी सुटण्याचे वार दरांच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत होते आणि तिची नजर तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर थांबत होती. दुसऱ्या दिवशी ते वार तक्त्याच्या वर आले. अर्ज आवडला का, असे विचारले असते तर तिने सौजन्याने होय म्हटले असते आणि ही उणीव ऐन एप्रिलमध्ये फोनवरून कळली असती.

संकेतस्थळाचे काम तांत्रिक दृष्टीने अधिक अवघड होते. आधीच्या पानावर दरपत्रक चित्ररूपात टाकलेले होते. मोबाइलवर ते बोटांनी ताणून वाचावे लागे, शोधयंत्राला त्यातला एकही शब्द दिसत नसे आणि दृष्टिहीन ग्राहकाच्या वाचनप्रणालीला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, तेथे काहीच सापडत नसे. मूळ मजकूर छापखान्यातल्या जुन्या फाँटमध्ये असल्याने तो युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे बिघडली. ‘किनाऱ्यावरची’ हे ‘किनार्यावरची’ झाले, ‘वाऱ्यामुळे’चे ‘वार्यामुळे’ झाले. असे शब्द त्यांनी यंत्रावर न सोडता डोळ्यांनी तपासले. दर आता खऱ्या तक्त्यात आहेत, फळाच्या वजनाप्रमाणे आणि डझनाप्रमाणे, आणि क्रमांकावर बोट ठेवले की थेट फोन लागतो. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद त्यांनी पानाच्या कोडमध्ये केली, म्हणजे वाचनप्रणाली मराठी उच्चार निवडते आणि ज्या फाँटमध्ये सोय आहे तेथे पाकळीचा ल व देठाचा श, ही या अक्षरांची मराठी वळणाची रूपे दिसतात. अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मोफत उपलब्ध असलेला मुक्ता हा फाँट वापरला आहे. ओळींमधले अंतर इंग्रजी पानापेक्षा जास्त ठेवले आहे, कारण देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि रफार वर, तर उकार खाली येतात आणि दाटीच्या ओळींत ते एकमेकांना भिडतात.

आता तक्रारी. दर तोंडी सांगितला गेला, आणि दुसऱ्या प्रुफानंतरच्या प्रत्येक दुरुस्तीला वेगळे पैसे लागतात हे बिल हाती आल्यावर कळले. असे पैसे घेणे गैर नाही, पण ज्यांचे कामच इतरांचे नियम स्पष्ट करून देणे आहे, त्यांचा स्वतःचा नियम कोठेही लिहिलेला नसावा, हे मला खटकले. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे : संकेतस्थळाचे नाव त्यांनी स्वतःच्या खात्यावर नोंदवले होते. मागणी केल्यावर ते गटाच्या नावावर करून मिळाले, त्यात टाळाटाळ झाली नाही. तरीही पहिल्या दिवसापासून ते ग्राहकाच्याच मालकीचे असायला हवे. पानाचे मथळे सुरुवातीला आंब्याच्या पिवळ्या रंगात, पांढऱ्यावर केलेले होते. सुगमतेच्या, म्हणजे दृष्टी अधू असलेल्यांनाही पान वापरता यावे यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ आणि मोठ्या मथळ्यांना ३ : १ इतका उजळ-गडदपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) लागतो, तो पिवळा त्याच्या जवळपासही नव्हता आणि उन्हात मोबाइल धरला की मथळा दिसेनासा होई. आम्ही दाखवल्यावर तो गडद हिरवा झाला. इंग्रजी पान अजूनही कच्चे आहे. ते मराठी पानाच्या मागोमाग शब्दशः चालते आणि परप्रांतीय ग्राहकाला पेंढा, अढी, साका यांचा नीट उलगडा होत नाही.

खर्चाबद्दल सांगायचे तर संपादनाचे पैसे कार्डांच्या छपाईपेक्षा जास्त झाले आणि बैठकीत त्यावर नाराजी व्यक्त झाली. मला तो खर्च योग्य वाटतो, कारण हंगामात तक्रारींचे फोन आले तेव्हा वाद न होता कार्डावरच्या नियमाप्रमाणे पैसे परत गेले, आणि त्यातल्या काही ग्राहकांनी पुढची पेटी आमच्याकडूनच मागवली.

ज्यांना त्यांच्याकडे जायचे असेल त्यांनी दिवाळीनंतर लगेच जावे. फेब्रुवारीपासून त्यांच्याकडे कामाची गर्दी होते, आणि प्रश्नांची उत्तरे ठरवायला तुमच्या स्वतःच्या मंडळींनाही अवधी लागतो. प्रुफांची संख्या आणि दर आधी लेखी घ्यावेत, संकेतस्थळाचे नाव आणि पासवर्ड आपल्याकडे ठेवावेत, आणि छपाईसाठीची पीडीएफ फाँट अंतर्भूत करूनच मागावी, कारण किनारपट्टीवरच्या अनेक छापखान्यांत अजून जुनी सॉफ्टवेअर आहेत आणि युनिकोडमधली जोडाक्षरे तेथे फुटतात. इंग्रजी मजकूर मात्र तूर्त दुसरीकडून करून घ्यावा.