व्हिन्टेज ३० या गिटार स्पीकरची जोडी, आठ महिने वापरल्यावर: आवाजाचं नंतर, आधी त्या क्लिपचं

मागच्या आठवड्यात प्रॅक्टिस ऐन रंगात असताना माझा आवाज गेला. कमी झाला नाही, करकरला नाही, एकदम बंद. ड्रम आणि बेस चालूच. पहिली शंका गिटारच्या केबलची, दुसरी पेडलची, आणि तिसरी शंका आली तेव्हा हात झटकन स्टँडबायवर (ॲम्प गप्प करायच्या स्विचवर) गेला, कारण हेडवरचा, म्हणजे ॲम्पच्या खोक्यावरचा दिवा लागलेला होता, म्हणजे ॲम्प चालू होता आणि कॅब, म्हणजे स्पीकरची पेटी, गप्प होती. ट्यूब ॲम्प वापरणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको: स्पीकर तुटलेला असताना ट्यूब ॲम्प वाजवला तर तो जळू शकतो. मधले पाच-सहा सेकंद मी मास्टर (एकूण आवाजाचं नॉब) तसाच ठेवून आवाज का येत नाही ते बघायला तारा वाजवत होतो, ते सेकंद आठवले की अजून पोटात गोळा येतो.

कॅबच्या मागचं पॅनल उघडलं तर एका स्पीकरच्या टॅगवरून (वायर जोडायच्या पट्टीवरून) क्लिप निसटलेली आणि वायर लोंबकळत होती. बाकी काही नाही. चपट्या टॅगवर खोचायची ती चिमूटभर क्लिप, तिच्यामुळे ५० वॉटचं हेड गेलं असतं.

आता आठ महिन्यांचं सगळं सांगतो, पण या क्लिपवर मी परत परत येणार आहे.

माझं हेड ईएल३४ ट्यूबवालं, ५० वॉट, हाय-गेन (भरपूर डिस्टॉर्शनवालं). कॅब दोन बाय बारा (बारा इंची दोन स्पीकरची), क्लोज्ड बॅक (मागून बंद), आणि तिच्यात आधीपासून सेलेस्टियनचे जी१२टी-७५ होते, १६ ओहमचे दोन पॅरललमध्ये (दोन्ही ॲम्पला स्वतंत्रपणे जोडलेले), म्हणजे ८. घरी एकट्याने वाजवताना ते मला आवडायचे. खाली भरदार, वर चकचकीत, मध्ये जरा पोकळ, आणि ती पोकळी एकट्याने वाजवताना छानच वाटते. बँडमध्ये गेलो की गिटार गायब. मग मी गेन वाढवायचो, मग ते आणखी चिखल व्हायचं, मग मास्टर वाढवायचो, मग ड्रमर वैतागायचा. दोन वर्षं मी दोष ॲम्पला देत होतो आणि हेड बदलायच्या गोष्टी करत होतो, वेगवेगळी हेड्स बघून ठेवली होती, पैसे बाजूला टाकायला लागलो होतो.

मित्राने त्याचा एक व्हिन्टेज ३० चार दिवस दिला, १६ ओहमचाच होता, म्हणून एक टी-७५ काढून त्याच्या जागी बसवला. तेव्हा जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दोन वेगळे स्पीकर एका कॅबमध्ये लावले की अर्धा-अर्धा आवाज येत नाही. टी-७५ ची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरवर किती आवाज येतो ते) ९७ डीबी, व्हिन्टेज ३० ची १००. तीन डीबी म्हणजे तेवढाच आवाज काढायला टी-७५ ला दुप्पट पॉवर लागते. दोघांना सारखीच पॉवर मिळत होती तरी पुढे ऐकू येत होता तो व्हिन्टेज ३०, आणि टी-७५ त्याच्या मागून थोडा बुंध्याचा जाडपणा देत होता. पण गिटार बँडमध्ये दिसायला लागली! तेच हेड, तेच सेटिंग. बेसिस्टने विचारलं नवीन ॲम्प घेतलास का. हेडसाठी साठवलेले पैसे तसेच राहिले, आणि हाच माझ्या दृष्टीने या सगळ्यातला सगळ्यात मोठा फायदा.

नावाबद्दल एक, कारण नवीन लोक इथे हमखास चुकतात: १९८६ मध्ये आलेला हा स्पीकर ३० वॉटचा नाही, ६० वॉटचा आहे. दोन मिळून १२०. माझं हेड कागदावर ५० असलं तरी पूर्ण चेपलं की त्याहून जास्त देतं, त्यामुळे दुपटीच्या आसपासची ही मोकळीक मला हवीच होती. ग्रीनबॅकचा मोह मलाही झाला होता, पण तो २५ वॉटचा, दोन मिळून बरोब्बर ५०, आणि हाय-गेनमध्ये पाम म्यूटचा (तळहाताने तारा दाबून वाजवलेला) प्रत्येक ठोका कोनला आत-बाहेर ढकलतो. चार ग्रीनबॅकच्या कॅबवर आनंदाने वाजवा, दोनवर माझ्यासारखं हेड लावून मी तरी झोपू शकणार नाही.

तर मी जोडी घ्यायची ठरवली. आणि इथे माझ्या काटकसरीने घोळ घातला. १६ ओहमची नवीन जोडी महाग पडत होती आणि ८ ओहमची वापरलेली, स्वच्छ, कोन-बिन नीट असलेली जोडी निम्म्याच्या जवळपास मिळाली. म्हटलं ८ अधिक ८ सीरीजमध्ये (एकामागे एक जोडून) १६, हेडवर १६ चा टॅप (१६ ओहमसाठीचा जॅक) आहे, झालं काम. गणित बरोबरच आहे. अख्खी साखळी एका क्लिपवर लोंबकळतेय हे मात्र लक्षात आलं नाही.

पहिला महिना आवाजाच्या बाबतीत वाईट गेला. अगदी विकायला काढणार होतो. वरच्या मिडमध्ये, दोन-अडीच हजार हर्ट्झच्या आसपास, या स्पीकरचा जो उंचवटा आहे तो कानात सुईसारखा जायचा. लीडमध्ये ठीक, पण जोरात कॉर्ड मारली की दात आंबायचे. मित्राचा एक असताना हे एवढं जाणवलं नव्हतं, कारण दुसरीकडचा टी-७५ थोडं झाकत होता आणि मित्राचा स्पीकर सात-आठ वर्षं वाजलेला होता. माझी जोडी वापरलेली म्हणून घेतली खरी, पण बहुतेक कुणाच्या तरी घरात कपाटाशेजारी पडून होती, कारण कोनच्या कडा अजून कडक होत्या.

मग मत बदललं, आणि ते एका दिवसात बदललं नाही. आधी कॅब जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवली, तर आवाज आणखी टोचायला लागला! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बारा इंची कोन म्हणजे तीस सेंटिमीटर, आणि हजार-अकराशे हर्ट्झच्या वर गेलं की आवाजाच्या लाटेची लांबी कोनच्या व्यासाहून कमी होते, मग वरचा सगळा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे जातो. कॅब जमिनीवर असताना तो झोत माझ्या पोटऱ्यांवर पडायचा, मला गोड वाटायचं, आणि मी ट्रेबल-प्रेझेन्स चढवून ठेवायचो, समोर दहा फुटांवर बसलेल्याच्या कानाचं काय होत असेल याचा विचार न करता. म्हणजे कॅब उचलल्यावर मी पहिल्यांदा खरा आवाज ऐकत होतो. मग कानाच्या उंचीवर कॅब ठेवूनच सगळे नॉब परत शून्यापासून लावले. ट्रेबल सातवरून साडेचारवर आला, प्रेझेन्स सहावरून अडीचवर, मिड उलट चारवरून सहावर. टी-७५ साठी केलेली सेटिंग मी व्हिन्टेज ३० वर चढवत होतो ही चूक होती, स्पीकरची नाही.

प्रेझेन्सबद्दल दोन ओळी जास्तच लिहितो कारण हाय-गेन हेडवर हे नॉब म्हणजे साधा टोन कंट्रोल नाही. स्पीकरचा इम्पिडन्स (ओहममध्ये मोजायचा विद्युत अडथळा) कधीच सरळ रेषेत ८ किंवा १६ नसतो. खाली रेझोनन्सजवळ (कोन आपसूक सगळ्यात सहज हलतो त्या फ्रीक्वेन्सीजवळ), व्हिन्टेज ३० चा तो ७५ हर्ट्झ आहे, तिथे तो डोंगरासारखा वर जातो, आणि वरच्या फ्रीक्वेन्सीला व्हॉइस कॉइलमुळे हळूहळू चढत जातो. ट्यूब पॉवर ॲम्पमधला निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा परत आत देणं) हा चढउतार दाबून ठेवायचं काम करतो. प्रेझेन्स वाढवलं की वरच्या भागातला फीडबॅक कमी होतो, रेझोनन्सचं नॉब खालच्या भागात तेच करतं, म्हणजे स्पीकरचा मूळ स्वभाव आणखी उघडा पडतो. म्हणून एकाच हेडचं एकच सेटिंग दोन कॅबवर दोन वेगळे ॲम्प असल्यासारखं वाजतं. हे कळल्यापासून मी नवीन कॅबवर आधी ही दोन नॉब खाली आणतो आणि मग बाकीच्यांना हात लावतो.

आणि मुळात डिस्टॉर्शनमध्ये स्पीकर एवढा महत्त्वाचा का, तर गेन चढवला की ॲम्प पार दहा हजारांच्या वरपर्यंत खरखर तयार करतो आणि गिटारचा स्पीकर पाच हजारांच्या पुढे ती जवळजवळ कापून टाकतो. हा स्पीकर काढून साध्या म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरवर तोच आवाज दिला की मधमाशा उठल्यासारखं होतं. क्लीन वाजवणाऱ्याला स्पीकर थोडा इकडे-तिकडे चालेल, आपल्याला नाही, आपला शेवटचा ईक्यू (टोन कंट्रोल) तोच आहे.

ब्रेक-इनचा, म्हणजे वाजवून वाजवून नवीन स्पीकर मोकळा होण्याचा, प्रश्न सगळे विचारतात. पहिल्या दिवशी आणि पाचव्या महिन्यात तोच रिफ, एसएम५७ माईक त्याच जागी, डस्ट कॅपच्या (कोनच्या मधल्या टोपीच्या) कडेला, चिकटपट्टीने जमिनीवर खूण करून रेकॉर्ड केला. फरक आहे. सुई थोडी बोथट झाली, खालचा भाग थोडा मोकळा झाला. पण माईक बोटभर सरकवल्यावर याहून मोठा फरक पडतो, तेव्हा तीन महिन्यांत स्पीकर बदलून जातो वगैरे म्हणणाऱ्यांचं मी पूर्ण ऐकणार नाही, निम्मं काम आपल्या कानाच्या सवयीचं आहे.

खालच्या ट्यूनिंगचं पण विचारतात. ड्रॉप सी मध्ये सहावी तार ६५ हर्ट्झवर येते आणि स्पीकरचा रेझोनन्स ७५ वर, म्हणजे तो मूळ सूर स्पीकर नीट देतच नाही, आपण ऐकतो तो १३० आणि १९६ वाला भाग. टाइट आवाज हवा असेल तर बेस स्पीकरमध्ये शोधू नका, गेनच्या आधीच कापा, ओव्हरड्राइव्ह पेडल पुढे लावून ड्राइव्ह शून्य, लेव्हल वर. मी हे आधी केलं असतं तर टी-७५ वरसुद्धा निम्मा चिखल गेला असता.

आता परत क्लिपकडे.

सीरीज आणि पॅरललमध्ये आवाजाचा फरक किती यावर लोक तासन् तास वाद घालतात. दोन्ही स्पीकर एकसारखे असतील तर मला तरी काही फरक ऐकू आला नाही. पण निसटलेल्या क्लिपचा फरक जमीन-अस्मानाचा आहे. सीरीजमध्ये एक क्लिप सुटली की सर्किटच तुटतं, आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर (ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधल्या) लोडच उरत नाही, प्रायमरीचा (त्याच्या ट्यूबकडच्या गुंडाळीचा) व्होल्टेज नको तेवढा उसळतो आणि ट्यूबच्या सॉकेटमध्ये ठिणगी उडू शकते किंवा ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशन फुटू शकतं. पॅरललमध्ये एक क्लिप सुटली तर दुसरा स्पीकर वाजत राहतो, लोड दुप्पट होतो, आवाज पडतो, तुम्ही थांबता, मागे बघता, क्लिप खोचता. घाबरायचं कारण नाही.

कॅब विकणाऱ्यांना मी कळवलं. क्लिपा त्यांनीच लावलेल्या, टॅगपेक्षा एक साइज मोठ्या, पहिल्यापासून सैल. उत्तर आलं की स्पीकर तुम्ही बदललेत, वॉरंटी संपली. अहो, स्पीकर बदलला, वायरिंगचा हार्नेस तुमचाच आहे ना! टॅगची रुंदी सगळ्या स्पीकरची सारखी नसते हे कॅब बनवणाऱ्याला माहीत असायलाच हवं. चार ईमेल झाले, शेवटच्याला उत्तरच नाही. एका क्लिपची किंमत काय, आणि ट्रान्सफॉर्मरची काय? मला अजून राग येतो आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

हेड टेक्निशियनला दाखवलं. ट्यूब, सॉकेट, ट्रान्सफॉर्मर सगळं ठीक निघालं, बायस (ट्यूबमधल्या करंटची सेटिंग) तपासून घेतला. त्यालाच विचारलं की आता १६ ची जोडी घेऊ का, पॅरलल लावायला. तो म्हणाला, हेडवर ४ चा टॅप आहे ना, मग हीच ८ ची जोडी पॅरलल लाव. आठ महिने ते भोक माझ्या डोळ्यांसमोर होतं! ८ आणि ८ पॅरलल म्हणजे ४, एक सुटला तर ४ च्या टॅपवर ८ चा लोड. एक पैसा न घालता काम झालं. फक्त करंट वाढतो, ५० वॉटला १६ ओहमवर पावणेदोन अँपिअर जातो, ४ ओहमवर साडेतीन, म्हणून आतली वायर जाड टाकली आणि हेड ते कॅबची केबल खरी स्पीकर केबल आहे याची खात्री केली, गिटारची केबल तिथे चुकूनही लावू नका. ज्यांच्या हेडवर ४ चा टॅप नाही, फक्त ८ आणि १६ आहे, त्यांनी मात्र दोन बाय बारासाठी १६ ओहमचेच स्पीकर घ्यावेत, स्वस्तात ८ ची जोडी मिळाली तरी.

नव्या क्लिपा टॅगच्या मापाच्या आणल्या, पकडीने किंचित दाबल्या, बसवल्यावर ओढून बघितल्या. सोल्डर करावं असं वाटत होतं पण स्पीकर परत काढायचा झाला तर टॅग तापवत बसावं लागेल म्हणून नाही केलं. मग जॅकवर दीड व्होल्टचा सेल टेकवून दोन्ही कोन एकाच दिशेला हलतात ना ते बघितलं, एक उलटा असता तर सगळा बेस आपसात कटून गेला असता. मीटरवर साडेतीनच्या जरा खाली आकडा आला, बरोबर, डीसीवर तो ४ पेक्षा कमीच दिसतो.

काल प्रॅक्टिसला तीन तास वाजवलं, मध्ये चहाला थांबलो तेव्हा मागचं पॅनल उघडून चारही क्लिपा परत ओढून बघितल्या. घट्ट होत्या. टी-७५ ची जोडी खोक्यात आहे, १६ ची असल्यामुळे या ८ च्या सोबत एका कॅबमध्ये सरळ जमत नाही, कुणाला कॅबसाठी हवी असेल तर कळवा, क्लिपा मी मापाच्या देईन.