वारीला एकच लेन्स न्यायची तर ३५ की ५०?

दिवे घाटात माऊलींची पालखी चढते तेव्हा गर्दी अशी अंगावर येते की मागे सरकायला जागाच नसते, तिथे ३५ एमएमच कामाला येते (हा लेन्सच्या फोकल लेंग्थचा आकडा, तो जितका लहान तितकं दृश्य रुंद), फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, साधारण ६३ अंशांचा कोन मिळतो त्यामुळे टाळकरी, वळणाचा रस्ता आणि वरचे ढग सगळं एकाच फ्रेममध्ये बसतं. ५० ला तोच कोन ४७ च्या आसपास. पण सासवडच्या मुक्कामाला पाय चेपत बसलेल्या आजींचा चेहरा घ्यायचा तर ५० च, ३५ घेऊन तेवढं जवळ गेलं की नाक मोठं दिसतं, आणि इतकं जवळ जाणं मला बरंही वाटत नाही.

ब्लॅक अँड व्हाइट करतानाही फरक पडतो हो. ३५ च्या फोटोत आकाश भरपूर, पण पावसाळी ढगात निळा रंगच नसतो, मग एडिटिंग अ‍ॅपमधला निळा स्लायडर (त्या रंगाचा भाग उजळ-गडद करणारी पट्टी) ओढून काही होत नाही, तिथे हायलाइट्स म्हणजे सगळ्यात उजळ भाग खाली घ्यायचे. ५० च्या पोर्ट्रेटला नारिंगी स्लायडर थोडासाच वर, जास्त केला की सुरकुत्या पुसल्या जातात आणि उन्हात रापलेला चेहरा उगाच गोरा होतो, ते मला अजिबात पटत नाही. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा मात्र.

मी यंदा ३५ नेणार, क्रॉप करून ५० सारखी फ्रेम मिळते, उलटं होत नाही.