संगणकाचा वेगळा तास की प्रत्येक विषयात संगणक?

पुण्यातल्या बऱ्याच शाळांत संगणकाचा वेगळा तास असतो. दुसरा मार्ग म्हणजे इतिहास, भूगोल, विज्ञान शिकतानाच संगणक, इंटरनेट, फोन ही साधनं वापरायची.

वेगळ्या तासाचं एक मान्य करावंच लागेल, हात बसतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी टाइप करणं, एक्सेलमधलं सूत्र, स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेतला छोटा प्रोग्रॅम सरावाशिवाय येत नाही. घरी संगणक नसलेल्या मुलांना तर तोच आधार.

पण आता १२ जुलै १९६१चा, धरण फुटून पुण्यात आलेला पानशेतचा पूर घ्या. आठवीच्या वर्गाला सांगा, पाणी कुठवर आलं होतं ते नकाशावर दाखवा. मुलं नेटवर शोधतील, दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी सापडल्या की कोणती धरायची यावर वाद घालतील. व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो खरंच लकडी पुलाचा आहे का, हे पाहायला तो गूगल लेन्सवर टाकून त्याचा उगम शोधावा लागेल. नारायण पेठेतल्या एखाद्या आजींची आठवण फोनवर रेकॉर्ड करण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी लागेल. पॉवरपॉइंटच्या स्लाइडला रंग भरताना यातलं फारसं काही हाती लागत नाही, आणि पुढे कॉलेजात, नोकरीत लागतं ते नेमकं हेच.

अडचण शिक्षकांची. इतिहासाच्या बाईंना तयारीला वेळ कोण देणार? ‘वेळापत्रक सांभाळून करा’ हे उत्तर ठरलेलं!

माझा कौल असा: पाचवी-सहावीला वेगळा तास, सातवीपासून विषयांतच. आणि लॅबची किल्ली फक्त संगणकाच्या सरांकडे नको.