व्हर्च्युअल मशीनचा शेअर्ड फोल्डर निवडताना: फाइल कॉपी करून नका बघू, यादी मागून बघा

होस्टवरचा (म्हणजे मूळ संगणकावरचा) फोल्डर गेस्टला (त्यात चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला) कोणत्या पद्धतीने जोडायचा हे ठरवताना बहुतेक जण एक मोठी फाइल इकडून तिकडे कॉपी करून बघतात. चार जीबीची आयएसओ (डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) झटकन गेली की समाधान होतं. पण रोजच्या कामात इतकी मोठी फाइल कितीदा हलते? गिट स्टेटस (कोडमध्ये काय बदललं ते सांगणारी आज्ञा), बिल्ड, बॅकअप, एडिटरमधला शोध ही सगळी कामं हजारो लहान फाइलींची नावं आणि त्यांची माहिती मागत असतात. त्यामुळे निवड डिरेक्टरीच्या यादीवरून करावी असं माझं ठाम मत आहे. आधी यादी बरोबर येते का ते बघा आणि मग किती वेळात येते ते. चुकीची यादी कितीही पटकन आली तरी तिचा उपयोग नाही.

लिनक्स गेस्ट धरला तर समोर मुख्यतः चार पर्याय असतात: व्हर्टआयओ-एफएस, नाइनपी, व्हर्च्युअलबॉक्सचे शेअर्ड फोल्डर आणि नेटवर्कवरून फोल्डर जोडणारा जुना भरवशाचा एनएफएस.

वेगाचा फरक कुठून येतो ते आधी पाहू. साधं एलएस (यादी दाखवणारी आज्ञा) चालवलं की कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, नावांचे गठ्ठे येतात आणि काम संपतं. एलएसला सविस्तर यादी मागितली, की प्रत्येक नावासाठी आकार, मालक, परवानग्या आणि वेळ वेगळी विचारावी लागते. स्थानिक डिस्कवर हे जाणवत नाही. शेअर्ड फोल्डरमध्ये मात्र यातली प्रत्येक विचारणा गेस्टमधून होस्टकडे जाऊन परत येते. वाण्याकडे एकेका जिनसेसाठी वेगळी खेप घालावी, तसा प्रकार. दोन पद्धतींमधला खरा फरक या खेपा किती होतात यात आहे.

नाइनपी हा बेल लॅब्जच्या प्लॅन नाइन या प्रणालीतून आलेला प्रोटोकॉल. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो वापरायला अगदी सोपा आहे. एक पर्याय द्यायचा, गेस्टमध्ये माउंट करायचं (म्हणजे जोडून घ्यायचं), वेगळी सेवा (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) चालवायची गरज नाही. यादी मागितल्यावर तो नाव, प्रकार आणि आयनोडची (फाइल सिस्टीममधल्या फाइलीच्या नोंदीची) ओळख देतो, आकार आणि वेळ देत नाही. ती माहिती हवी तर प्रत्येक फाइलसाठी दोन-तीन संदेश होतात. एका संदेशात किती मावेल हे एमसाइझ या सेटिंगवर ठरतं. लिनक्स ५.१५ च्या आधी तो आपोआप ८ केबी असायचा, नंतर १२८ केबी झाला. वीस अक्षरी इंग्रजी नाव यादीत साधारण ४४ बाइट घेतं, म्हणजे २०,००० फाइलींच्या नुसत्या नावांसाठी जुन्या आकारात शंभरावर खेपा आणि नव्यात सात-आठ. जुना कर्नल असेल तर माउंट करताना एमसाइझ हाताने वाढवलाच पाहिजे. पण त्याने फायदा होतो तो साध्या यादीलाच. सविस्तर यादीतल्या दर फाइलमागच्या खेपा तशाच राहतात.

व्हर्टआयओ-एफएस २०१९ मध्ये लिनक्स ५.४ सोबत आला. आत फ्यूजचा (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमला फाइल सिस्टीम चालवू देणाऱ्या सोयीचा) प्रोटोकॉल आहे, आणि त्यात रीडडिरप्लस नावाची एक सोय आहे: यादी देतानाच प्रत्येक नावासोबत त्याची सगळी माहिती. गेस्टचा कर्नल ती जपून ठेवतो आणि पुढची विचारणा होस्टपर्यंत जातच नाही. सविस्तर यादीत हा पर्याय नाइनपीला मागे टाकतो तो याच कारणाने. मात्र त्याला एक अट आहे. कॅशे (अशी जपून ठेवलेली माहिती) पूर्ण बंद केली तर या सोयीचा फायदा उरत नाही आणि एकेक फाइल वेगळी विचारली जाते. "व्हर्टआयओ-एफएस लावूनही फरक पडला नाही" असं कुणी सांगितलं, तर मी पहिल्यांदा कॅशेची सेटिंग विचारतो.

कॅशेवरूनच अचूकतेचा प्रश्न निघतो. व्हर्टआयओ-एफएससाठी होस्टवर चालणाऱ्या सेवेत कॅशे 'ऑटो' ठेवली तर माहिती एक सेकंद खरी धरली जाते आणि 'ऑलवेज' ठेवली तर ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस. होस्टवरच्या एडिटरने नवी फाइल टाकली आणि ती गेस्टच्या यादीत दिसेना, तर दोष एडिटरचा नसतो. नाइनपीमधला कॅशेचा 'लूज' प्रकारही असाच, त्यात होस्टवरचे बदल बघण्याचा प्रयत्नच होत नाही. दोन्ही बाजूंनी लिहिलं जाणाऱ्या फोल्डरला तो लावू नये. एनएफएसमध्ये डिरेक्टरीची माहिती आपोआप ३० ते ६० सेकंद जपली जाते. ही मुदत माउंट करताना कमी करता येते आणि एकाच संगणकावरच्या मशीनसाठी ती करावीच.

मग चाचणी कशी घ्यायची? मी एक रिकामा फोल्डर घेतो, होस्टवरून त्यात २०,००० रिकाम्या फाइली टाकतो आणि होस्टवर एकदा यादी काढतो, म्हणजे डिस्कचा वेळ हिशेबातून निघून जातो. मग गेस्टमध्ये रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन कर्नलची कॅशे रिकामी करतो आणि यादी तीन प्रकारे काढतो: क्रम न लावता नुसती नावं, सविस्तर यादी, आणि लगेच पुन्हा एकदा सविस्तर यादी. रंग बंद ठेवायचे, कारण नाव रंगवण्यासाठी एलएस फाइलीची माहिती मागतं आणि "साधी" यादी साधी राहत नाही. पहिल्या दोन वेळांमधलं अंतर खेपांची किंमत सांगतं. तिसरी वेळ कॅशे कामाची आहे का ते सांगते. इतकं झालं की दोन्ही बाजूंची नावं क्रमाने लावून फाइलीत साठवायची आणि दोन फाइलींमधला फरक दाखवणारा डिफ चालवायचा. एकही ओळ वेगळी निघता कामा नये.

त्यापुढची चाचणी बहुतेक लोक करत नाहीत, आणि गोम तिथेच असते. डिरेक्टरी उघडा, निम्मी नावं वाचा, वाचलेल्या फाइली पुसून टाका आणि उरलेली यादी वाचा. पॉझिक्सनुसार (युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकानुसार) मध्येच आलेली किंवा गेलेली फाइल यादीत दिसेल की नाही हे मोकळं सोडलेलं आहे, पण ज्या फाइलींना हातही लावला नाही त्या एकदाच दिसल्या पाहिजेत. एखादी गाळली गेली तर मोठा फोल्डर पुसताना "डिरेक्टरी रिकामी नाही" अशी चूक येते आणि माणूस परवानग्या तपासत बसतो.

याच बाबतीत व्हर्च्युअलबॉक्सचा लिनक्स कर्नलमधला ड्रायव्हर (५.६ पासून मुख्य कर्नलमध्ये आहे) वेगळा वागतो. डिरेक्टरी उघडताच तो सगळी यादी एका दमात आणून ठेवतो आणि पुढे वाचली जाते ती तीच प्रत. त्यामुळे वाचता वाचता पुसण्याच्या चाचणीत काही गळत नाही, हे चांगलं. पण उघडलेली डिरेक्टरी सुरुवातीला नेऊन पुन्हा वाचली तरी जुनीच यादी मिळते, आणि पॉझिक्सला तिथे ताजी यादी अपेक्षित आहे. शिवाय यादीतले आयनोड क्रमांक तो स्वतःच एक, दोन, तीन असे घालतो. पायथनच्या स्कॅनडिरने (यादी वाचणाऱ्या फंक्शनने) मिळालेला क्रमांक आणि त्याच फाइलीवर स्टॅट करून (तिची माहिती थेट विचारून) मिळालेला क्रमांक ताडून बघा, जुळणार नाहीत. घरी विंडोजवर उबुंटू चालवून कागदपत्रं इकडून तिकडे न्यायची असतील तर याने काही अडत नाही. आयनोडवर विसंबणारं बॅकअपचं साधन चालवायचं असेल तर मात्र हा पर्याय बाद समजा.

आयनोडचा एक घोळ नाइनपीतही होतो. शेअर केलेल्या फोल्डरच्या आत दुसरी डिस्क माउंट केलेली असेल तर दोन वेगळ्या फाइलींना गेस्टमध्ये एकच क्रमांक मिळू शकतो. क्यूईएमयू ४.२ पासून त्यासाठी 'मल्टीडेव्ह्ज' हा पर्याय आहे, तो 'रीमॅप' ठेवावा.

व्हर्टआयओ-एफएसचं दुखणं वेगळं आहे. गेस्टला माहीत असलेल्या प्रत्येक फाइलीसाठी होस्टवरची सेवा एक फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीचा क्रमांक, ज्यांच्या संख्येला मर्यादा असते) उघडा ठेवते. लाखो फाइलींचा वृक्ष फाइंड या शोधाच्या आज्ञेने पालथा घातला तर "टू मेनी ओपन फाइल्स" येऊ शकतं. सेवेची मर्यादा वाढवणं हा एक उपाय, आणि डिस्क्रिप्टरऐवजी फाइल हँडल (फाइल उघडी न ठेवता तिची ओळख) वापरायला सांगणं हा दुसरा. म्हणून २०,००० वर थांबू नका. तुमचा सगळ्यात मोठा खरा फोल्डर एकदा तरी पूर्ण फिरवून बघा.

मराठी नावांच्या फाइली असतील तर आणखी दोन चाचण्या हव्यातच. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तासकट, तीन बाइट घेतं. लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाइल सिस्टीमवर नावाची मर्यादा २५५ बाइटची, म्हणजे ८५ चिन्हांची, आणि विंडोजच्या एनटीएफएसवर २५५ चिन्हांची. विंडोज होस्टवर शासन निर्णयाचा अख्खा विषय नाव म्हणून दिलेली पीडीएफ तिथे बिनधास्त राहते. ती गेस्टच्या डिस्कवर कॉपी करायला गेलं की "फाइल नेम टू लाँग". शंभर चिन्हांचं नाव देऊन एक फाइल मुद्दाम ठेवा आणि ती यादीत येते का, उघडते का, कॉपी होते का हे तीन वेगळे प्रश्न म्हणून तपासा.

दुसरी चाचणी 'ऱ' ची. दऱ्या, पायऱ्या, नोकऱ्या लिहिताना हे अक्षर एका चिन्हाने लिहिता येतं किंवा 'र' खाली नुक्ता देऊन दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे असतात. लिनक्ससाठी ही दोन वेगळी नावं. मॅकवरची एपीएफएस ही फाइल सिस्टीम मात्र दोन्ही एकच समजते, आणि जुनी एचएफएस प्लस तर नाव साठवतानाच दोन चिन्हांचं करून टाकायची. मॅक होस्ट आणि लिनक्स गेस्ट असेल तर 'पायऱ्या' नावाची फाइल दोन्ही प्रकारे लिहून तयार करा आणि दोन्ही बाजूंना यादीत किती दिसतात ते मोजा. गिटमध्ये अशा फाइली "बदललेल्या" दिसत राहण्याचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं.

आता निवड. होस्ट आणि गेस्ट दोन्ही लिनक्स असतील तर व्हर्टआयओ-एफएस घ्या, कॅशे 'ऑटो' ठेवून. मशीनची मेमरी शेअर्ड करावी लागते आणि वेगळी सेवा चालवावी लागते, तेवढी खटपट करण्यासारखी आहे. ती सेवा रस्ट या भाषेत लिहिलेली घ्या, सी भाषेतली जुनी सेवा २०२३ मध्ये क्यूईएमयू ८.० मधून काढून टाकली आहे. नाइनपी मी फक्त छोट्या कामांना वापरतो: चाचणीसाठी तात्पुरतं मशीन उभं करायचं, कर्नल बूट करून बघायचा, दोन-चारशे फाइली. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या कर्नलमध्ये नाइनपी येतच नाही, तिथे हा प्रश्नच उरत नाही. एकच फोल्डर अनेक मशीनना द्यायचा असेल तर एनएफएस. त्याच्या यादीतही नावांसोबत माहिती येते आणि काही अडलं तर शोधायला भरपूर साधनं आहेत.

विंडोजवर डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की लिनक्समधून सी ड्राइव्ह सहसा नाइनपीमार्फत दिसतो. प्रकल्प तिथे ठेवून गिट स्टेटस रेंगाळत असेल तर सेटिंग शोधत बसू नका, प्रकल्प लिनक्सच्या स्वतःच्या फाइल सिस्टीममध्ये हलवा. मायक्रोसॉफ्टचा सल्लाही हाच आहे.

राहिला एक मुद्दा. होस्टवर बदललेल्या फाइलीची आयनोटिफाय सूचना (फाइल बदलली की लिनक्स प्रोग्रॅमला देतं ती) या चारपैकी एकाही पद्धतीत गेस्टला मिळत नाही. वेब प्रकल्पाचा डेव्हलपमेंट सर्व्हर गेस्टमध्ये चालवून फाइली होस्टवर संपादित करायच्या असतील, तर त्या सर्व्हरला ठरावीक अंतराने सगळा वृक्ष तपासत राहावं लागतं, म्हणजे दर सेकंदा-दोन सेकंदाला तीच सविस्तर यादी. अशा वेळी वरच्या चाचणीतली तिसरी वेळ बघा. ती पोलिंगच्या (म्हणजे या वारंवार तपासण्याच्या) अंतराएवढी किंवा जास्त निघाली तर शेअर्ड फोल्डरचा नाद सोडून कोड गेस्टच्या डिस्कवर ठेवा आणि एडिटर एसएसएचने (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणीने) जोडा. नोड-मॉड्यूल्ससारखे (जावास्क्रिप्ट प्रकल्पातल्या असंख्य लहान फाइलींचे) फोल्डर तर कोणत्याही पद्धतीत गेस्टच्या आतच असावेत.