खातं मायनसमध्ये गेलं, १४१६ रुपये कापले, परत मिळाले. सांगलीतल्या एका बँकेचा आणि आरबीआयच्या तक्रार सेवेचा अनुभव

हा रिव्ह्यू दोन गोष्टींचा आहे. एक आमच्या सांगलीतल्या एका प्रायव्हेट बँकेच्या शाखेचा, जिचं नाव लिहीत नाही, आणि दुसरा रिझर्व्ह बँकेची जी फुकट तक्रार सेवा आहे तिचा. पहिलीला पाचपैकी १, दुसरीला ४. मोठा झालाय पण माझ्यासारख्या रोजावर जाणाऱ्या बायकांनी तरी पूर्ण वाचा.

मी आधी कुपवाड एमआयडीसीत पॅकिंगला होते, तिथं कंपनीनंच सगळ्यांची खाती काढून दिलेली, सॅलरी अकाउंट, त्यात बॅलन्स ठेवायची अट नाही असं तेव्हा सांगितलेलं. २०२३ च्या मे महिन्यात ते काम सुटलं. आता बेदाणा निवडायला जाते, साडेतीनशे रोज, पैसे हातात मिळतात, त्यामुळं त्या खात्याकडं वर्षभर बघितलंच नाही. खात्यात शून्य होतं, शून्याला काय होणार असं वाटायचं.

तर झालं असं की तीन महिने पगार जमा झाला नाही की सॅलरी अकाउंटचं आपोआप साधं सेव्हिंग होतं, आणि साध्या सेव्हिंगला ह्यांच्याकडं ५००० मिनिमम बॅलन्स. ऑगस्ट २०२३ पासून दर महिन्याला १०० रुपये दंड आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८. मला काही माहिती नाही कारण मेसेज जुन्या नंबरवर जात होते, ते सिम कधीच बंद पडलेलं. नंबर बदलून द्यायला पाहिजे होता ही माझी चूक, ती मी बँकेत पण कबूल केली.

ऑगस्ट २०२४ ला लाडकी बहीणचे पहिले दोन हप्ते एकदम आले, ३०००. आधार ह्याच खात्याला लिंक होतं म्हणून पैसे इथंच आले, आपण फॉर्मवर कुठलंही खातं लिहा, सरकारी पैसे आधार ज्या खात्याला जोडलंय तिथंच पडतात हे लक्षात ठेवा. राखी पौर्णिमेच्या आधी एटीएमला गेले तर बॅलन्स १५८४. मला वाटलं मशीन चुकलं. दुसऱ्या दिवशी खाडा करून शाखेत गेले, पासबुक मशीनमध्ये घातलं, ते कर्र कर्र करत छापत राहिलं, पान भरलं, उलटून परत घातलं. ११८, ११८, ११८, अशा बारा ओळी एकाखाली एक, आणि शेवटच्या रकान्यात आकड्याच्या पुढं बारीक वजाची खूण. मायनस १४१६ होईपर्यंत हे चालूच होतं. आणि ३००० पडले त्याच क्षणी तेवढे वळते. चार दिवसांची मजुरी हो ती.

काउंटरवरच्या मॅडमना विचारलं तर म्हणाल्या तुमचा ओव्हरड्राफ्ट झाला होता तो वसूल झाला. मी म्हटलं मॅडम मी तर एक रुपया जास्तीचा काढला नाही, ओव्हरड्राफ्ट कसला? तर म्हणे सिस्टिम कापते, आमच्या हातात काही नाही. पुढचा नंबर.

हा ओव्हरड्राफ्ट शब्द नीट समजून घ्या, कारण ह्यातच सगळी मेख आहे. ओव्हरड्राफ्ट म्हणजे आपण मागितलेली उचल. जनधन खात्यावर १०००० पर्यंत ती मिळू शकते, आधी ५००० होती, २०१८ ला वाढवली, ती अर्ज करून घ्यायची आणि फेडायची. पण बँकेनं स्वतःच दंड लावायचा, त्या दंडानं शून्याचं खातं वजात ढकलायचं आणि मग त्याला तुमची उचल म्हणायचं, हे चालत नाही. रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. त्यात स्पष्ट आहे की निव्वळ मिनिमम बॅलन्सच्या दंडामुळं सेव्हिंग खातं मायनसमध्ये जाता कामा नये. शिवाय दंड लावायच्या आधी ग्राहकाला कळवायचं, बॅलन्स भरायला महिनाभर द्यायचा, आणि दंड जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात पाहिजे. माझी लेक बारावीला आहे, तिनं मोबाईलवर हे शोधून वाचून दाखवलं, मी दोनदा वाचायला लावलं.

मग मी अर्ज केला, साध्या वहीच्या कागदावर मराठीत. खातं नंबर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत किती कापले, परिपत्रकाची तारीख, आणि १४१६ परत करा एवढंच. रडगाणं लिहिलं नाही. दोन प्रती केल्या. आता खरी गंमत नाही तर खरी मेहनत इथं आहे, ती म्हणजे पोच घेणं. अर्ज ठेवून जा म्हणाल्या, बघतो म्हणाल्या. मी हललेच नाही, म्हटलं दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही पाहिजे, त्याशिवाय मी जाणार नाही. पाऊण तास उभी होते. मागं रांगेतल्या एका काकांनी पण आवाज दिला की द्या की ओ त्या ताईंना पोच, तुमचं काय जातंय. शेवटी मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावून शिक्का मारला. त्या निळ्या शिक्क्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं, म्हणून सांगते तोंडी भांडून येऊ नका, तोंडी बोललेलं नंतर कुणालाच आठवत नाही.

३० दिवस गेले, काही उत्तर नाही. बँकेनं नाही म्हटलं किंवा ३० दिवसांत काहीच कळवलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. लोकपाल म्हणजे रिझर्व्ह बँकेची तीच फुकट तक्रार सेवा, मी गेले तेव्हाची योजना १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झालेली. आधी १४४४८ ला फोन लावला, तिथं मराठीत बोलतात, नीट समजावून सांगितलं. मग लेकीनं सीएमएस पोर्टलवर, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या तक्रारीच्या वेबसाइटवर, तक्रार भरली, मोबाईलवर ओटीपी येतो, बँक निवडायची, आधी बँकेकडं तक्रार केली का ते विचारतात, तिथं ती शिक्क्याची प्रत आणि पासबुकच्या पानांचे फोटो जोडले. अर्ध्या तासात झालं. एक रुपया फी नाही, आणि वकिलामार्फत तक्रार घेतच नाहीत, म्हणजे वकिलाचा खर्च करायचा प्रश्नच नाही. नेट जमत नसेल तर चंदीगडला सेक्टर १७ मधल्या त्यांच्या ऑफिसला पोस्टानं पण पाठवता येते.

दिवाळी झाल्यावर पुढच्याच आठवड्यात बँकेतून फोन, ताई तुम्ही लोकपालाकडं कशाला गेलात, आमच्याकडं यायचं ना. मी म्हटलं साहेब आले होते, शिक्का तुमचाच आहे. दोन दिवसांत १४१६ जमा. तेच खातं बेसिक सेव्हिंगमध्ये बदलून पण घेतलं, त्यासाठी परत एक अर्ज. बेसिकला मिनिमम बॅलन्सच नसतो, महिन्याला चार वेळा पैसे काढायला फुकट, आपल्याला तेवढं पुष्कळ झालं. फक्त त्याच बँकेत दुसरं सेव्हिंग खातं ठेवता येत नाही.

लोकपालाच्या सेवेचा एक स्टार का कापला तर ३० दिवस थांबणं हातावर पोट असणाऱ्याला लई होतं, आणि माझे ह्या सगळ्यात तीन खाडे पडले.

आणि सगळेच चार्ज परत मिळतात असं समजू नका. आमच्या जाऊबाईंचा फ्रीजचा हप्ता ५ तारखेला, त्यांच्या मालकांचा पगार ७ ला, हप्ता परत गेला की बँक ५०० आणि जीएसटी धरून ५९० कापते आणि फायनान्सवाला वेगळे घेतो. तिथं सही केलेली असते त्यामुळं अर्ज करून काही हाती लागलं नाही. फायनान्सवाल्याला सांगून तारीख १० करून घेतली तेव्हा ते थांबलं. आणि पतसंस्थेची तक्रार लोकपालाकडं चालत नाही हे पण सांगून ठेवते, आपल्याकडं निम्म्या लोकांचे पैसे पतसंस्थेत असतात, तिथं सहकार खात्याच्या उपनिबंधक ऑफिसला जावं लागतं.

सासूबाईंची श्रावणबाळची पेन्शन पण त्याच शाखेत येते. त्यांचं पासबुक दोन वर्षं भरलेलं नाही, सोमवारी घेऊन जाणार आहे, दोन कोरे कागद पिशवीत घालूनच.