ईएसपी३२ संत्र्याच्या बागेत: दिवाळी ते पावसाळा

गेल्या दिवाळीत ईएसपी३२ चा बोर्ड, म्हणजे आपण प्रोग्राम लिहून चालवायचा छोटासा कॉम्प्युटर, मागवला, बागेतली ओल मोजायला. आमचं गाव वरूड तालुक्यात. आंबिया बहारासाठी पाणी तोडून बागेला देतात तो ताण गेला, मे महिना गेला, आता पाऊस लागलाय. म्हणजे बोलण्याइतपत वापर झाला.

पाचशेच्या आत मिळणाऱ्या बोर्डात वायफाय, ब्लूटूथ दोन्ही. चिप २०१६ पासून बाजारात आहे, त्यामुळे कुठेही अडलं तरी आधी कोणीतरी तिथंच अडलेलं असतं. बाग घरामागेच, पण राउटरची रेंज तिथवर जात नाही. मग ईएसपी-नाऊ वापरलं. यात राउटर लागत नाही, बोर्ड बोर्डाशी थेट बोलतो. एका निरोपात २५० बाइट तरी मावतात, एका आकड्याला ते धो धो झाले. एक बोर्ड बागेत, दुसरा स्लॅबवर. एक ध्यानात ठेवा: सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात बदलणारे चिपचे दोन भाग असतात, एडीसी१ आणि एडीसी२; वायफाय रेडिओ चालू असताना एडीसी२ च्या पिनांवर भरवसा नाही. सेन्सर ३२ ते ३९ यांतल्याच पिनेवर जोडा.

सेन्सर घेताना दोन उघड्या दांड्यांचा स्वस्त घेऊ नका, ओल्या मातीत करंटमुळे दांड्या खाऊन जातात. कपॅसिटिव्ह घ्या, त्याचा धातू मातीला उघडा लागत नाही. त्याच्याही पट्टीच्या कडांतून पाणी शिरतं. बहिणीची नेलपॉलिश दोन हात लावली, अजून टिकलाय.

खरी गंमत आमच्या काळ्या मातीनं केली. ताणात भेगा पडल्या, सेन्सर भेगेत मोकळा लोंबकळला आणि माती ठणठणीत कोरडी असल्याचं सांगू लागला. बाबांनी खालचं ढेकूळ फोडून दाखवलं, आत ओल होती. "ढेकूळ हातात घेतलं का मले समजते, तुह्या डब्ब्याले कायले इचारू?" तेव्हापासून सेन्सरभोवती चिखल कालवून घट्ट दाबतो आणि भेग पडली की बुजवतो.

बॅटरीचं मात्र जपा. चिप गाढ झोपेत (डीप स्लीप) जेमतेम १० मायक्रोअँपिअर खाते, पण बोर्डावरचा लाल दिवा आणि यूएसबीची चिप फुकट पीत बसतात. दिवा मी सोल्डरिंगनं काढून टाकला. उन्हाळ्यात बोर्डाला काही झालं नाही. पण लिथियमचा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात डब्यात त्याहून जास्त तापतं. सोलर पॅनल उन्हात, डबा झाडाच्या सावलीत, अशी सोय केली.

हे सगळं कशासाठी, असं गावात विचारतात. ओल तर ढेकळानंही कळते! पण सेन्सरपाशी लोटाभर पाणी ओतावं, मोबाइलवर आकडा आधी तसाच, मग हळूहळू उतरू लागतो (या सेन्सरचा आकडा ओल वाढली की उतरतो), पाणी कुठवर गेलं ते जणू दिसतं. तो आकडा पाठवणारी प्रोग्रामची ओळ आपणच रात्री लिहिलेली असते. नुसत्या स्क्रीनवरच्या कामात ही मजा मला कधी आली नाही.

मोटारीच्या स्टार्टरला अजून हात लावलेला नाही. थ्री फेज आहे, तिथं वायरमन सोबत असल्याशिवाय रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) बसवणार नाही. तोवर दुसरा सेन्सर मागवलाय, जरा खोल, मुळांपाशी गाडायला.